बाराच्या बुटाची चौकशी

ती घटना आजही आठवली की मी एकटाच हसत बसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "पुन्हा तो म्हातारा आठवला का?" त्यातल्या कुणाचंही नाव इथे देणार नाही. बहुतेक मंडळी हयात आहेत आणि अजून आमच्याकडे जेवायला येतात.

ही ऐंशीच्या दशकातली, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरची गोष्ट. मी या देशात गुन्हेगारीशास्त्र शिकायला आलो आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पोलिसात भरती झालो. नागपूरला वडील लोकांना 'मुलगा सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगायचे. ही घटना घडली तोवर मी तपास अधिकारी झालो होतो. त्या भागात संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे बरेच मराठी इंजिनिअर येऊन राहिले होते, आणि त्या सगळ्यांच्या लेखी मी म्हणजे घरचा पोलीस. कुणी जोरात गाडी चालवताना पकडला गेला की रविवारी सकाळी फोन, "यार, एवढं तिकीट कॅन्सल करून टाक ना." मी एकही कॅन्सल केलं नाही, तरी फोन काही थांबले नाहीत.

त्या दिवशी मात्र फोन थेट ठाण्यावर आला. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचा.

"भावजी, एक माणूस आमच्या मागावर आहे. हसू नका. मी सीरियसली सांगतेय."

मी हसलो नाही. बायकांना आपल्यावर कुणाची तरी नजर आहे असं वाटलं, तर दहापैकी नऊ वेळा ती असतेच, हे मी नोकरीत शिकलो होतो. दोघा नवराबायकोंना ठाण्यावर बोलावून रीतसर जबाब घेतला.

वहिनींचं म्हणणं असं. गवताची टोपी घातलेला एक गोरा म्हातारा आधी भाजीच्या दुकानात दिसला. त्या टोमॅटो निवडत होत्या आणि तो टक लावून त्यांच्या हातांकडे बघत होता. मग तो यांच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा. पाडव्याला मराठी मंडळी पार्कमध्ये जमली, तर तिथेही कुंपणापलीकडे हजर. आणि कळस म्हणजे, त्यांच्या शेजारणीला गाठून त्याने विचारलं होतं, यांचा मुलगा किती नंबरचा बूट घालतो?

"बुटाचा नंबर कशाला हवा त्याला? किडनॅपिंगच आहे हे!" वहिनींचे डोळे भरून आले. सतरा वर्षांचा तो एकुलता एक मुलगा.

नवऱ्याचं मत अगदी वेगळं होतं. हा गृहस्थ कंपनीत चिपचं डिझाइन करायचा. खुर्ची पुढे ओढून तो हळूच म्हणाला, "हिला काही कळत नाही. हे इंडस्ट्रियल स्पाइंग आहे. आमचं नवीन डिझाइन येतंय. तू सरळ एफबीआयला इन्व्हॉल्व्ह कर."

ज्याच्याकडे जे मौल्यवान, त्याला त्याच्याच चोरीची भीती. मी तक्रार लिहून घेतली आणि वहिनींची सही घेतली. म्हाताऱ्याच्या गाडीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. आमचा एकही शिपाई इतका पक्का साक्षीदार नव्हता.

नंबरावरून मालक सापडला. मागे कसलाही गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी गस्तीच्या पोरांना तो यांच्याच गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसलेला दिसला. अटक करण्यासारखं काही नव्हतं. 'जरा ठाण्यावर येता का' म्हटल्यावर तो आपणहून आला. गाडीत दुर्बीण होती, बसायची उशी होती आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं तर इतकी होती की जणू तिथे पोपट पाळलेत.

चौकशीत मात्र म्हातारा महाबिलंदर निघाला. मी विचारायचो, तो हसायचा.

"पार्कमध्ये काय करत होतात?"

"हवा खात होतो, ऑफिसर."

"बुटाचा नंबर कशाला विचारलात?"

"सहज."

"त्या कुटुंबाशी तुमचा संबंध काय?"

"माझा धंदा कायदेशीर आहे. काय आहे ते सांगणार नाही. सांगितला की बुडाला."

चोर खोटं बोलतो, पण हा माणूस खोटं बोलतच नव्हता. नुसता गप्प राहत होता आणि वर मजेत होता. घाबरलेल्या माणसाला पाणी विचारलं की तो पटकन पितो. याने कॉफी मागितली आणि ती बेकार आहे असंही सांगितलं.

मी दार उघडं ठेवलं होतं. आमच्या एका हवालदाराच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं आणि तो पिशवी भरून संत्री घेऊन आला होता. कॉरिडॉरच्या या टोकाच्या शिपायाने त्या टोकाच्या शिपायाकडे एक संत्रं भिरकावलं. आम्ही सगळ्यांनी संत्र्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने संत्र्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो फेकणाऱ्या पोराच्या कोपराकडे बघत होता. मग मान हलवून स्वतःशीच पुटपुटला, "चांगला खांदा. शिकवणारा भेटला नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेसबॉल मी कधी खेळलो नव्हतो, पण पंधरा वर्षं या देशात राहून एवढं तर कळतंच.

"तुम्ही स्काउट आहात," मी म्हणालो. "शाळांमधले खेळाडू हेरता, मोठ्या क्लबसाठी."

म्हाताऱ्याने उठून आधी दार लावून घेतलं. "ऑफिसर, हळू बोला. या भागात माझ्यासारखे आणखी चौघे फिरताहेत. हा मुलगा त्यांना अजून दिसलेला नाही."

आता तो भडाभडा बोलू लागला. यांचा मुलगा शाळेच्या संघात पिचर होता, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू फेकणारा. म्हातारा म्हणाला, असा सहज सुटणारा हात मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. पण पोरगा बुटका आणि काटकुळा. क्लबला आजचा मुलगा नको असतो, पाच वर्षांनंतरचा हवा असतो. तो किती वाढेल, हे बघायला आई-बाप बघावे लागतात. म्हणून हा उपद्व्याप. निकाल त्याच आठवड्यात कळवायचा होता.

"आणि तिथेच अडलंय," तो म्हणाला. "बाप बुटका. आई त्याहून बुटकी. आणि पोराचा बूट बाराचा, सहा फुटी माणसाचा! हिशेब जुळत नाही. उद्या 'नको' असं कळवणार होतो."

मी त्याला तक्रारीचा कागद दाखवून सांगितलं, आईने सही केली आहे, ही तक्रार पुढे गेली तर मला शाळेला कळवावं लागेल, शाळा तुम्हाला मैदानात पाऊल ठेवू देणार नाही. म्हाताऱ्याचं हसू तिथेच मावळलं. "मग त्या मुलाला कुणीच बघणार नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता, आणि तो स्वतःसाठी नव्हता. तिथे मला तो म्हातारा आवडला.

मी नवराबायकोंना पुन्हा बोलावलं. मुलगाही शाळेतून परस्पर आला. सगळ्यांना एका खोलीत बसवून मी प्रकार सांगितला.

पहिली प्रतिक्रिया इंजिनिअर साहेबांची. "म्हणजे डिझाइनचं काहीच नाही?" बिचाऱ्याचा चेहरा पडला. आपल्यावर कुणी पाळत ठेवण्याइतके आपण मोठे नाही, हे त्याला काही रुचलं नाही.

मुलगा तर उडालाच. "आई! यू कॉल्ड द पोलीस ऑन अ स्काउट?"

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या. पोरगा खेळतो एवढं त्यांना माहीत होतं. किती चांगला खेळतो, हे ना त्याने कधी सांगितलं होतं, ना त्यांनी विचारलं होतं. त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "माझ्या हाताकडे का बघत होता?"

"मॅडम, तुमची बोटं लांब आहेत. मुलाची तशीच आहेत. चेंडूवर तीच चालतात."

"शेजाऱ्यांकडे चौकशी, आई-बापाची उंची, हातपाय..." वहिनी थांबल्या. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "अहो भावजी, हे तर स्थळ बघणं झालं!"

मी होकारार्थी मान हलवली. मला हसू आवरेना.

पण वहिनी आता हसत नव्हत्या. पदर खोचून कामाला लागल्यासारखा त्यांचा सूर बदलला. "आणि उंचीसाठी नकार देणार? यांना सांगा, स्थळ असं अर्धवट बघतात का? आई-बाप बघितले, मामा नको बघायला? आमचा मुलगा मामावर गेलाय!"

मी भाषांतर केलं. म्हातारा खुर्चीत ताठ बसला. "मामा म्हणजे कोण?"

मामा म्हणजे वहिनींचं शेंडेफळ भावंड, जवळच्याच विद्यापीठात पीएचडी करणारं. वहिनींनी रविवारचं आमंत्रण तिथेच देऊन टाकलं. "आणि चोरून नको. रीतसर या."

त्या रविवारी मीही गेलो, अर्थात कायदा आणि सुव्यवस्था राखण्यासाठी. मामा झोपेतून उठून आलेला, सहा फूट दोन इंच, दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारा. म्हाताऱ्याने त्याचे बूट काढायला लावले, खांदे चाचपले, मनगट बघितलं. मामाला काय चाललंय ते कळत नव्हतं.

"ताई, हे काय? माझं लग्न ठरवताय का?"

"तुझं नाही, भाच्याचं. गप्प उभा राहा."

"विचारा याला," म्हातारा मला म्हणाला, "हा कधी वाढला?"

उत्तर वहिनींनीच दिलं. शाळेत तो वर्गात पहिल्या रांगेत उभा राहायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आई त्याच्या पँटी उसवून लांब करत होती. शेवटी कंटाळून तिने उसवणंच सोडलं आणि दर वर्षी नवीन शिवून घ्यायला लागली. आजोबाही तसेच उंच. "मीच तेवढी आईवर गेले."

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि कांदेपोह्यांची दुसरी बशी मागून घेतली. मिरची लागल्यासारखे मुलाचे कान लाल झाले होते. वहिनींनी मला बाजूला घेऊन तक्रार मागे घ्यायची असल्याचं सांगितलं.

उरलेल्या सामन्यांना सगळी मराठी मंडळी जाऊ लागली. नियम कुणालाच धड येत नव्हते. समोरचा बाद झाला की पोराचा बाप उडी मारायचा, आणि आपला बाद झाला तरी चुकून टाळ्या वाजवायचा.

जूनमध्ये मोठ्या क्लबांनी नव्या खेळाडूंची निवड केली. त्या दुपारी मी ठाण्यावर होतो. फोन घेतला तर पलीकडून वहिनींचा रडका, हसरा आवाज.

"भावजी, पसंती आली!"

मी ठाण्यात मोठ्याने ओरडलो. आमचा सार्जंट चौकशीला धावत आला, आणि मी त्याला मिठी मारली.

पोलिसाला माणसाच्या मागे बघायची सवय लागते. हा कुठून आला, याने काय केलं, पूर्वी कधी सापडला होता का. पुढे बघणं आमच्या कामातच नसतं. तो म्हातारा एका काटकुळ्या पोरात अजून जन्मालाही न आलेला माणूस शोधत होता, आणि पोराची आई बोलली नसती तर तोही चुकणार होता. त्यानंतर दुकानातून पहिल्यांदाच काही उचलताना पकडलेला पोरगा समोर आला, की मी कागद भरायच्या आधी बाहेरच्या बाकावर त्याच्यासाठी कोण येऊन बसलंय ते बघायचो. कुणी आजी, कुणी मामा, कुणी कामावरचा गणवेश न बदलता धावत आलेली आई. मी त्यांना आत बोलवायचो आणि म्हणायचो, बसा, मला या मुलाबद्दल सगळं सांगा, घाई नाही. त्यावरून पोरांबद्दल बांधलेले सगळेच अंदाज काही बरोबर निघाले नाहीत. पण अशा एका पोराच्या लग्नाचं आमंत्रण मागच्या वर्षी आलं, आणि मी नवा सूट शिवून गेलो.