तो मार नव्हे, खेळ होता

काल आमच्या घरामागच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा सामना रंगला होता. पकड करताना दोघींची डोकी जोरात आदळली. एक लगेच उठली. दुसरी, चढाईला आलेली, उठून क्षणभर भलत्याच बाजूला चालत गेली. तिच्या प्रशिक्षकांनी तोंडावर पाणी मारलं, "काही नाही झालं, चल," म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या "काही नाही झालं"चा मला फार संशय येतो. माझा थोरला भाऊ वीस वर्षं कबड्डी खेळला. आता पन्नाशीत तो भाजी आणायला जातो आणि परतीची वाट विसरतो. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता?" दादा ठामपणे म्हणाला, "कधीच नाही." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, तुला दोनदा उचलून घरी आणलं होतं!" तो हसला. "तो मार नव्हे गं, खेळ होता." डॉक्टरही खात्रीने काही सांगत नाहीत. गुडघा फुटला तर रक्त दिसतं. डोक्याच्या आतलं कोण बघतं? तेव्हापासून टाळ्यांवरचाही माझा भरवसा उडाला आहे.

मध्यंतरात मी त्या मुलीजवळ गेले आणि तिचा हात हातात घेतला.

"बरी आहेस ना?"

"एकदम बरी, काकू."

"मघाशी कुणाशी टक्कर झाली तुझी?"

ती गोड हसली. "टक्कर? कधी?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. प्रशिक्षकांनी हाक मारली. मी तिचा हात सोडला नाही.