तोंडाने वाजवलेला गेम

भंगारवाल्याच्या हातगाडीवर काल टीव्ही गेमची पिवळी कॅसेट दिसली. मी उचलली आणि सवयीने तिच्यात फुंकर मारली. पण खेळणार कशावर? त्या गेमच्या जुन्या मशीनची पिन आमच्या नव्या टीव्हीला बसतच नाही. मग काय, मी रस्त्यातच अख्खा गेम तोंडाने वाजवला. उडी, गोळी, माणूस मरतो तेव्हाचं रडकं टुंईं, सगळं! भंगारवाला हसून लोळायचाच बाकी होता.

सोबत आई होती, तीपण हसली. मग म्हणाली, "ए नकल्या, आता पप्पांचा आवाज काढ ना. तू खेळत बसायचास तेव्हा हाक मारायचे, तसा."

पप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी घसा खाकरला, तोंड उघडलं, काहीच आलं नाही. कोंबड्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांची नक्कल करणारा मी! पप्पा मागून हाका मारायचे आणि मी गेममधल्या उडत्या बदकांवर नजर ठेवून नुसतं "हो, हो" करायचो.

शेवटी आईनेच आवाज जाड केला, "काय हिरो, जेवतोस की ताट झाकून ठेवू?"

मला तो आवाज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला. पण हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? मान खाली घालून म्हटलं, "हुबेहूब!"