नापास मास्तरांचं पान

आमच्या धान संशोधन विभागात प्रयोग जमला की नापास मास्तर गप्प बसत आणि फसला की सगळ्यांना बोलावून सांगत. नाव त्यावरूनच पडलं. धानावरच्या करपा रोगावर काय काय करून पाहिलं आणि काय लागू पडलं नाही, हे ते वर्षानुवर्षं रजिस्टरांत लिहीत आले होते.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि ऑफिसात इंटरनेट आलं, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली नवी होते. जगात कुणीही वाचावं, आपली भर घालावी, असं एक फुकटचं पान मी माझ्या ईमेलवरून त्यांना उघडून दिलं. मास्तर हरखले. रोज दुपारी एका बोटाने रजिस्टरं त्यावर उतरवत बसायचे. "आपण कुठं हारलो हे दुसऱ्याले समजलं, त त्याचे दोन वर्ष वाचते," म्हणायचे.

मोठ्या साहेबांना हे खपेना. "अपनी फेल्युअर दुनिया को क्यों दिखाते हो?"

"पास आप दिखाइए साहब, फेल मैं दिखाता हूँ," मास्तर म्हणाले.

रोज मला विचारायचे, "कोणी काही लिहिलं काय?" एकदा आसामातल्या कुणीतरी लिहिलं, आम्हीही हेच करणार होतो, तुमचं वाचून थांबलो. मास्तरांनी गोल बाजारातून पेढे आणले. नापास झाल्याचे पेढे मी त्याआधी कधी खाल्ले नव्हते.

रिटायर होताना ते रजिस्टरांपाशी घुटमळले. शहाणपणा मीच केला. "सर, सगळं नेटवर आहे. वाळवी लागलेले कागद कशाला ठेवता?"

"तू म्हणून राहिली त देऊन टाक," ते म्हणाले. रजिस्टरं रद्दीत गेली.

काही वर्षांनी रायपुरातल्याच तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून त्यांचा फोन आला. "पोरी, पान उघडून नाही राहिलं. माह्याच कॉम्प्युटरचं काही असन."

मी माझ्याकडे उघडून पाहिलं. ते पान चालवणारी कंपनीच बंद पडली होती. आपापलं लिखाण उतरवून घ्या, अशा सूचना माझ्या जुन्या ईमेलवर येऊन पडल्या होत्या, आणि तो उघडणं मी कधीच सोडलं होतं. त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "त्या आसामवाल्याचंही गेलं काय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. पुढच्या वर्षी ते वारले. मला आजही माझी चीड येते.

यंदा विभागात आलेली नवी मुलगी करप्यावर निरगुडीचा अर्क मारायला निघाली. "नाही लागू पडत. आमच्या मास्तरांनी तीन हंगाम करून पाहिलंय," मी म्हणाले.

"मॅम, ये कहाँ लिखा है?" तिने वही उघडत साधेपणाने विचारलं.

लिहिलेलं आता कुठेच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने फवारणी सुरू केली.