शिळं पाणी

आमच्या गल्लीत पाणी येण्याच्या दिवशी पहिलं काम असतं ते पाणी फेकण्याचं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय. सोलापुरात आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. म्हणून प्रत्येक घरापुढे दोनशे लिटरचं निळं टिपाड उभं आहे, आत आणखी एखादं, शिवाय हंडे, कळश्या, बादल्या. पुढचं पाणी नक्की कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे चार दिवस सगळे जपून वापरतात. इतकं जपून की शेवटच्या दिवशी निम्मं टिपाड तसंच उरतं. मग पहाटे कुणीतरी ओरडतं, "पाणी सुटलं!" आणि त्या क्षणी ते उरलेलं पाणी शिळं होतं. दोन माणसं टिपाड वाकडं करतात, पाणी फरशीवरून गटारीत जातं, टिपाड विसळायला आणखी दोन बादल्या जातात, आणि मग मोटर लावून नवं पाणी भरायला घेतात.

मी टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सूत किती आलं, किती लागलं, किती वाया गेलं, हे बघणं माझं काम. त्या सवयीनं मी एकदा शेजाऱ्यांना सांगून पाहिलं की हेच पाणी धरणात वर्षभर उघड्यावर पडलेलं असतं, त्यात म्हशी डुंबतात, आणि तेव्हा ते ताजं असतं. आमच्या झाकण लावलेल्या टिपाडात चार दिवस राहिलं की कसं काय नासतं? शेजारी म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच." आमच्या घरात मात्र मी फेकणं बंद केलं. बायको पहिले दोन महिने बोलत होती. नंतर तिनं बोलणं बंद केलं, कारण टिपाड वाकडं करायला दुसरा माणूस लागतो आणि तो मी होतो.

गल्लीच्या तोंडाशी क्लासवाले सर राहतात. स्वतःचे शिकवणीवर्ग, दोन मजली घर, गल्लीतली सर्वांत मोठी मोटर. मागच्या हिवाळ्यात सरांनी पर्यावरण वाचवायला घेतलं. गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, त्याला 'हरित गल्ली' नाव दिलं आणि एकवीस संकल्पांचा एक कागद प्रत्येक घरी वाटला. कागद फाटू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चिकटवलं होतं. आठवा संकल्प प्लॅस्टिक टाळण्याचा होता.

पहिला संकल्प: दात घासताना नळ बंद ठेवा. आमचा नळ चार दिवस बंदच असतो. दात घासायला तो सुरू होण्याची वाट बघत बसलो तर घासायला दात राहायचे नाहीत. दुसरा: शॉवरखाली पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. गल्लीत शॉवर एकच आहे, तो सरांच्या घरी आहे. पाचवा: कापडी पिशवी वापरा. यासाठी सरांनी प्रत्येक घरी दोन नव्या कोऱ्या पिशव्या दिल्या, त्यांवर क्लासचं नाव आणि फोन नंबर छापलेला. सोलापुरात ज्याच्या घरी कापडी पिशवी नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडे चादरीच्या तुकड्यांच्या सात आहेत आणि त्यातली एकही फाटायला तयार नाही.

संकल्पांसाठी सरांच्या अंगणात बैठक झाली. चहा मातीच्या कुल्हडातून होता, कारण ते पर्यावरणाला चांगलं. चहा झाल्यावर कुल्हड गटारीकडेला टाकले. ते चांगलं का, ते सांगितलं नाही. मी हात वर केला.

"सर, यात पाणी फेकू नका असं कुठं दिसत नाही."

"पहिलाच संकल्प पाण्याचा आहे की!"

"तो नळाचा आहे. मी टिपाडाचं म्हणतोय."

"ते वापरलेलं पाणी असतं ना."

"वापरलेलं नाही, उरलेलं."

"पण शिळं तर असतं," सरांच्या मॅडम म्हणाल्या, आणि बायका माना डोलवायला लागल्या. विषय संपला. मी घरी आलो, तो कागद मीटरच्या डब्यावर ठेवला. पावसात त्याखाली डबा भिजत नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या घरात, भाभी राहतात. त्यांचे मिस्टर टेम्पोवर असतात, चादरी घेऊन हैदराबादकडे जातात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. पाण्याची लाइन सरांच्या घरापासून सुरू होते आणि भाभींच्या घरी संपते. मधे, सरांची धरून, सात मोटरी. आमचीही त्यातच आहे. ती नसती तर आम्हालाही थेंब मिळाला नसता. भाभींकडे मोटर लावून उपयोग नाही, कारण ओढायला पाईपात काही उरलेलंच नसतं. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते. ती जाईपर्यंत त्या नळापाशी बसून राहतात. दोघांचं त्यात कसंबसं भागतं.

यंदा ते दोघांचं राहिलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी पंढरपूरकडं करकंबला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली. भाभींनी आतल्या खोलीला चुना दिला, झबली शिवली, दारावर पडदा लावला. पण मुलीची सासू आधीच बोलून गेली होती की सोलापुरात पाण्याची बोंब आहे, बाळंतिणीची आबाळ होईल. शेवटी असं ठरलं की सासू छठीला, म्हणजे बाळ सहा दिवसांचं झालं की येणार, घरात पाण्याची सोय बघणार. सोय असली तर पोरगी चाळीस दिवस आईजवळ राहील. नसली तर त्याच दिवशी बाळाला घेऊन करकंबला.

"तिकडं पाटाचं पाणी आहे भाऊ, त्यांचं चुकत नाही," भाभी माझ्या बायकोला आणि मला दारात उभ्या राहून सांगत होत्या. "पण पहिल्या खेपेला पोरगी आईजवळ नाही राहणार तर कधी राहणार? नंतर कोण पाठवतं?"

हा हिशेब अवघड नव्हता. बाळंतिणीचं न्हाणं, बाळाचं न्हाणं, दुपटी, लंगोट: दिवसाला ऐंशी-नव्वद लिटर जास्त धरा. चार दिवसांचे साडेतीनशेच्या आसपास. भाभी सोडल्या, आम्ही सोडलो, तर गल्लीत सहा घरं राहतात. प्रत्येक घर पाण्याच्या दिवशी निदान ऐंशी लिटर गटारीत सोडतं. चारशे ऐंशी. म्हणजे पोरीला चाळीस दिवस ठेवून वर पाणी उरत होतं. फक्त गटारीऐवजी चाळीस पावलं पुढं न्यायचं होतं.

मी घरोघर गेलो. पहिल्या घरी ऐकलं, "अहो, शिळं पाणी द्यायचं? तेही बाळंतिणीच्या घरी? काही रीतभात आहे की नाही?" दुसऱ्या घरी, "आज द्यायचं आणि उद्या बाळाला जुलाब झाले की नाव आपलं." मी म्हटलं, प्यायला नाही, धुण्याला. ते म्हणाले, तरीपण. तिसऱ्या घरी, "भाभींना वाईट वाटेल हो." भाभींना काय वाटेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. भाभींना विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

सरांनी खांद्यावर हात ठेवला. "भावना चांगली आहे तुमची. पण हे वैयक्तिक पातळीवर करा. आपल्या उपक्रमात नको." त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरची काळी नळी खिडकीतून बाहेर आली आहे; आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात तिच्यातून सुमारे एक तांब्या पाणी गटारीत गेलं.

मी भाभींना विचारलं. त्या हसायला लागल्या. "पानी कायकू शिळा होता भाऊ? भाकर है क्या वो?"

घरी आल्यावर बायकोनं डोक्याला हात लावला. "तुम्ही तोंडावर विचारलंत? शिळं पाणी घेता का म्हणून?"

"हो."

"आणि काय म्हणाल्या?"

"कधी आणताय, म्हणाल्या."

तिनं डोक्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "पाईप घट्ट लावा. मागच्या वेळी भरताना निम्मं रस्त्यावर गेलं होतं."

बाळ झालं, मुलगा. भाभी तिसऱ्या दिवशी मुलीला दवाखान्यातून घरी घेऊन आल्या. त्याच सकाळी पाणी आलं होतं. आम्ही आमच्या टिपाडातून पाईप टाकून भाभींच्या दारापर्यंत उरलेलं सोडलं. पाईप दोन घरांपुढून जात होता. एका शेजाऱ्यानं स्कूटी काढली आणि मागचं चाक नेमकं पाईपवर ठेवून आत चहाला गेला. चुकून, म्हणाला. आमचं उरलेलं ते एकाच घराचं, आणि एका घराचं कुठवर पुरणार? तीन दिवसांत भाभींचं टिपाड तळाला गेलं. लंगोट दोरीवर वाळत होते त्यांपेक्षा टबात पडलेले जास्त होते.

छठीच्या संध्याकाळी सासू आली. डोक्यावर पदर, पायात जाड वहाणा, आणि विहिरीवर मोटर चालू असताना बोलायची सवय असलेला आवाज. तिनं आल्या आल्या टिपाडावर बोटानं टकटक केलं, कान लावला. टिपाड पोकळ वाजलं. सकाळी पाणी येणार असं कळल्यावर म्हणाली, "मग बघूनच जाते की." ती राहिली. भाभी रात्रभर झोपल्या नसाव्यात, कारण पहाटे हाक आली तेव्हा त्या आधीच नळापाशी बसलेल्या होत्या.

मोटरी सुरू झाल्या. भाभींच्या नळाला आधी हवा आली, मग करंगळी. सासू पायरीवर बसून गल्ली बघत होती. तिकडे सर आणि त्यांचा मुलगा टिपाडाला हात लावत होते. मी आमच्या दारात होतो, पाईप जोडत.

"हे काय करत्यात?" सासूनं विचारलं.

"टिपाड धुतात," भाभी म्हणाल्या.

"आन् आतलं पाणी?"

"शिळं झालं ना."

सासूनं भाभींकडे बघितलं, मग सरांकडे. उठली, कोपऱ्यातली घागर उचलली, आणि माझ्यापुढून, स्कूटीपुढून, सगळ्या दारांपुढून थेट सरांच्या फरशीवर जाऊन उभी राहिली. टिपाड निम्मं कललेलं होतं.

"टाकताय न्हवं?"

"काय?" सर म्हणाले.

"हे पाणी टाकताय न्हवं? मग ह्यात टाका."

"अहो, ते शिळं आहे."

"गटारीला चालतंय. मी काय तिच्यापरीस मोठ्या घरची लागून गेले?"

"तसं नाही, आजी, पण..."

"आजी आत्ता सहा दिसांमागं झाले. भरा."

सरांनी भरली. दुसरं करणार काय होते? टिपाड हातात, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, आणि मुलगा बघत होता. ती घागर भाभींकडे पोचवून बाई पुढच्या दारात गेली. "टाकताय न्हवं?" त्या घरच्यांनी रीतभातीचं नावही काढलं नाही. ज्यांना जुलाबाची काळजी होती त्यांनी स्वतः कळशी आणून दिली. माझा कागदावरचा हिशेब महिनाभर ज्या दारांत अडला होता तिथं एका घागरीनं पाव तासात काम झालं. माझी बायको हंडा घेऊन मागे, भाभी बादली घेऊन, मी टिपाडाची दुसरी बाजू धरायला. भाभींची दोन्ही टिपाडं आणि न्हाणीघरातली टाकी काठोकाठ भरली.

सासूनं पुन्हा बोटानं टकटक केलं. या वेळी पोकळ आवाज आला नाही. "ऱ्हाऊ द्या पोरीला," ती म्हणाली. "चाळीस म्हंजे चाळीस. त्याच्या म्होरं एक दीस न्हाय." आणि दुपारच्या गाडीनं गेली. भाभी आत जाऊन मुलीच्या उशाशी बसल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सर फोन घेऊन तयार होते. घागरीत पाणी ओततानाचा त्यांचा फोटो मॅडमनी काढला. फोटोत सर पूर्ण आहेत, भाभींचा एक हात आणि घागर आहे. ग्रुपवर मजकूर आला: 'संकल्प बाविसावा, साठवलेल्या पाण्याचा सामाजिक पुनर्वापर.' खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. ज्यानं पाईपवर स्कूटी ठेवली होती त्यानं दोनदा टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात नवा कागद आला, बावीस संकल्पांचा, प्लॅस्टिकमध्ये. आधीचा एकवीसवाला परत मागितला नाही. आता मीटरच्या डब्यावर दोन आहेत.

चाळीस दिवस पुरे झाले. सासू बोलल्याप्रमाणे आली, मुलीला आणि नातवाला घेऊन गेली. बाळाचं अंग भरलेलं होतं. भाभींनी गाडी वळेपर्यंत हात हलवला.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी पहाटे मी पाईप काढत होतो. भाभी घागर घेऊन सरांच्या दारात गेल्या, इतके दिवस जात होत्या तशा. मॅडमनी टिपाडाला हात घातलेला होता.

"आता कशाला भाभी?" मॅडम म्हणाल्या. "बाळंतीण तर गेली की."

"हौ, गेली," भाभी म्हणाल्या. "मैं है ना अबी."

मॅडमनी घागर जवळ ओढली. मग त्यांनी एक घागर भरून दिली. अगदी काठापर्यंत, कमी नाही. उरलेलं पाणी, मुलाला दुसरी बाजू धरायला लावून, टिपाड वाकडं करून त्यांनी गटारीत सोडलं. ते शिळं होतं.