तांबोशीच्या बाजूचा माणूस

मुंबईत मासे खाणारे अमाप आहेत, पण माशाची चौकशी केल्याशिवाय मासा न खाणारा माणूस एकच, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. समुद्राच्या कुठल्या भागात मासेमारी चालू द्यावी आणि कुठला भाग माशांसाठी राखून ठेवावा, हे सरकारला ठरवता यावं म्हणून संशोधन करणं हा त्याचा व्यवसाय. व्यवसाय ऑफिसात ठेवून घरी यावं, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. साखरपुड्यातच त्याने सासूबाईंच्या मावशींना सांगितलं की काही मासे आधी मादी असतात आणि वय वाढलं की नर होतात. मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं उलटं झालं." ह्या उत्तराचा तो जेवण होईपर्यंत गंभीरपणे विचार करत होता.

रविवारी त्याच्याबरोबर दादरच्या मासळी बाजारात जाणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. हा खिशातून टेप काढतो आणि पापलेट मापतो. "शर्ट शिवाचा हाय का पापलेटला?" असं एका कोळणीने त्याला विचारलं, तर ह्याने तिला माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावीत, मगच पकडावं, असं समजावलं. तेव्हापासून आम्ही दिसलो की ती पाटीवर ओलं गोणपाट टाकते आणि भर रविवारी सांगते, "आज मासली नाय. सोमवार हाय!" सासरी गाबोळी तळली की हा ताटाकडे श्राद्धाला बसल्यासारखा बघतो. "ही अंडी आज समुद्रात असती तर..." सासूबाई त्याला वाक्य पुरं करू देत नाहीत. "तर दुसऱ्या कुणाच्या पानात गेली असती. खा!"

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग राखीव क्षेत्रासाठी आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, मालवणकडच्या गावाचा किनारा निवडला गेला आणि पाहणीचं काम ह्याच्याच संस्थेकडे आलं. ह्याने महिनोन्महिने बुड्या मारल्या आणि नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या आत मासेमारी बंद. आत नेमका तो खडक आला, जिथे अप्पांचे धाकटे भाऊ बाळाकाका जन्मभर तांबोशी पकडत आले होते.

अप्पा रागावले की जावयाला अहोजाहो करतात. "जावईबापू, रेघ बोटभर अलीकडे घेतलीत तर काय बिघडेल?"

"अप्पा, नकाशावरचं बोटभर म्हणजे समुद्रात तो अख्खा खडक."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

ह्याने रेघ हलवली नाही. लालबागला एका शाळेच्या हॉलमध्ये मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची सभा भरली. अध्यक्ष अप्पा. ज्यांनी कधी वल्हं हातात धरलं नव्हतं, तेच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. गावाहून आलेले बाळाकाका मात्र कोपऱ्यात गप्प बसले होते. कुणीतरी माझ्या साडूला विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" एखादा शहाणा म्हणाला असता, गावाच्या. हा म्हणाला, "तांबोशीच्या." पुढचं काही ऐकू आलं नाही. चहा सगळ्यांना मिळाला, बटाटेवडा ह्याला वगळून.

त्यानंतर अप्पांनी बोलणं टाकलं. कित्येक रविवार ह्याची बायको एकटीच माहेरी येत होती. मग एका सकाळी हा न बोलावता आला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून बसला. पडद्यावर हिरवट पाणी, काळा कातळ आणि त्याच्या कपारीत नखाएवढ्या पिल्लांचे थवेच्या थवे. अप्पा पेपरच्या आड होते. पेपर हळूहळू खाली आला. पन्नासेक वर्षं दादरला शुद्ध मराठी बोललेले अप्पा एकदम मालवणीत म्हणाले, "हो आमचो खडक?" ज्या खडकावरून लहानपणी त्यांनी उड्या मारल्या, त्याच्या खाली काय आहे ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावून सगळं वर्णन केलं. पलीकडून बाळाकाका म्हणाले, "माका मासो बघूचो नाय, पकडूचो आसा!"

शेवटी निर्णय झाला तो असा : खडकाजवळ विणीच्या महिन्यांत बंदी, एरवी मोकळीक. ह्याला वर्षभर बंदी हवी होती, काकांना एक दिवसही नको होती. दोघंही आपण हरलो असं समजून घुम्यासारखे वागत राहिले.

परवा बाळाकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादरला आले. ऑपरेशन झाल्यावर जेवायला हा आणि काका शेजारी बसले. काकांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने ह्याच्याकडे बघून विचारलं, "काय रे, वाढले मासे?"

प्रत्येक माशाबद्दल तासभर बोलणारा माझा साडू खाली बघत म्हणाला, "माहीत नाही, काका. अजून काही वर्षं मोजत राहावं लागेल."

"मोज," काका म्हणाले. "आणि मी आसलंय तर माका सांग."

साडूने काकांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि एका डोळ्याने दिसायचे नाहीत म्हणून त्यांच्या तुकडीतले काटे एकेक करून काढत बसला.