मोशी ते लेण्याद्री, माझ्या मापाच्या सायकलवर

डिसेंबरमधल्या एका रविवारी, चाकणच्या अलीकडे आळंदी फाट्यावर, आमचा अख्खा सायकल क्लब माझ्या डोळ्यांदेखत लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे. येताना चहाच्या टपरीवर आमच्यातला एक तरुण गडी अगदी आपुलकीने म्हणाला, "सुजाताताई, तुम्ही पंचवीस किलोमीटरवाल्या ग्रुपमध्ये का येत नाही? तिथं निवांत असतं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझी सायकल सरळ हँडलची, जाड टायरची, रहाटणीच्या मंडईतून भाजी आणायला एक नंबर. साठ किलोमीटरनंतर मात्र ती ओढावी लागायची. पण मला निवांत नको होतं, मला लेण्याद्रीला जायचं होतं. वडिलांनी आम्हा भावंडांना कार्ल्याची लेणी दाखवली होती. "पुढच्या सुट्टीत जुन्नरची बघू," म्हणाले होते. कंपनीच्या शिफ्टमध्ये ती सुट्टी राहून गेली, आणि मग वडीलही राहिले नाहीत. आमच्या बौद्ध घरात त्या लेण्यांबद्दल बोलणं खूप झालं, जाणं कुणाचंच झालं नाही. गाडीने दोन-अडीच तासांत पोचता येतं हे मलाही माहीत आहे. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदा तरी लांबचं अंतर स्वतःच्या पायांनी कापावं, असं मनात बसलं होतं.

त्या दिवशी मला न्यायला तात्या मागे आले. तात्या मोशीचे, वय त्रेसष्ट. त्यांच्या शेतावर आता बारा मजली सोसायट्या आहेत आणि तात्या नुकत्याच शिकलेल्या पोरासारखी सायकल चालवतात, म्हणजे रोज. मागे कुणी राहिलंय का ते बघायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय.

"लांब जायाचंय न्हवं?" ते म्हणाले. "मग तशी सायकल घे. ह्या म्हशीवर जुन्नर न्हाई व्हायचं."

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर पार्टची मापं घेते, मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तर माल परत पाठवते. आणि हीच मी पुढच्या शनिवारी आकुर्डीतल्या एका चकचकीत दुकानात एका लाल सायकलच्या प्रेमात पडले. वाकडं हँडल, खाली झुकलेला बांधा, केसासारखे बारीक टायर. पंच्याऐंशी हजारांची बहात्तरला मिळत होती.

"साइज जरा मोठी वाटतेय," मी म्हटलं.

"सीट खाली केली की झालं, मॅडम," सेल्समन म्हणाला. "रेसवाले सगळे हीच पोझिशन घेतात."

मी पर्समधून कार्ड काढलंही होतं. सोबत आलेले तात्या दारात उभे होते. "पैसं देण्याआदी जरा लांब जाऊन ये," एवढंच म्हणाले.

प्राधिकरणाचे रुंद रस्ते त्यासाठी बरे. अर्धा तास फिरले. सायकल पळत होती यात वाद नाही, पण हँडलपर्यंत पोचायला मला सीटच्या टोकावर यावं लागत होतं. दहा किलोमीटरवर मान भरून आली, पंधराव्या किलोमीटरवर करंगळ्यांना मुंग्या. परत आले तर सेल्समन म्हणाला, "सवय होते."

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "जू टोचत आसंल तर बैल बदलीत न्हाईत, जू बदलत्यात."

रविवारी संध्याकाळी रहाटणीतल्या बालाजीच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक गाळा, आत सहा सायकली आणि ग्रीसचा वास. बालाजी लातूरकडचा. आधी चाकणला लाइनवर काम करायचा, मग सायकलींच्या नादाने नोकरी सोडली. त्याने एकही सायकल दाखवली नाही. आधी मला स्टुलावर बसवलं.

"ताई, कुठं जायलाव ते सांगा. सायकलीचं नंतर बघू."

"लांब. दीडशे-दोनशे किलोमीटर. घाट पण. आणि क्लबच्या मागे पडायचं नाही."

"पाठ कुठं दुखते? हात बधिर होतात का?" मग त्याने टेप काढली, पायाची आतली लांबी मोजली, हाताची मोजली, वहीत लिहून घेतली. आणि एक करडी सायकल पुढे केली. बघून जीव जडावा असं तिच्यात काहीच नव्हतं. हँडल थोडं वर आणि जवळ, टायर बत्तीस मिलिमीटरचे, डिस्क ब्रेक, मागे चढासाठी मोठी चकती.

"टायर जाड नाहीत का?" मी विचारलं.

"आपले रस्ते बघितलाव का? बारीक टायर घेतलं की खड्ड्याचा मार सगळा मनगटाला. चढाला हलका गिअर पाहिजे, उताराला चांगला ब्रेक. फ्रेम ॲल्युमिनियमची बास, पुढचा फोर्क तेवढा कार्बनचा आहे, हादरे कमी लागतात. कार्बनच्या फ्रेमचा हट्ट धरलाव तर बजेट दुप्पट होईल आणि तुम्हाला फरक कळणार नाही."

किंमत ब्याऐंशी हजार. हेल्मेट, दिवे, पंपासकट नव्वदच्या घरात. फक्त माझ्या मापाची, सगळ्यांत लहान साइज त्याच्याकडे नव्हती. दोन आठवडे थांबावं लागणार होतं.

"ही एक साइज मोठी आजच दिली असती," बालाजी म्हणाला. "विक्री झाली असती माझी. पण दोन महिन्यांनी तुम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घातला असता."

मी थांबले. हेच माझं सांगणं तुम्हालाही. रंग, सूट, वजन हे सगळं नंतर. आधी माप घ्या, आणि दुकानाबाहेर निदान पंधरा किलोमीटर चालवा. दुकानात सगळ्याच सायकली आरामशीर असतात.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि तात्या मोशीच्या चौकातून निघालो. लेण्याद्री तिथून साधारण ऐंशी किलोमीटर, येऊन-जाऊन एकशे साठ. तुम्ही जाणार असाल तर चाकण सहाच्या आत ओलांडा. नंतर कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि टेम्पो यांच्यात सायकलला कुणी विचारत नाही. आम्ही गेलो तेव्हा चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या शिफ्टची माणसं बसची वाट बघत कानटोप्या घालून उभी होती. त्यातल्या एकाने ओरडून विचारलं, "मावशी, कुठवर?" "जुन्नर." त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं.

राजगुरुनगरनंतर बायपास न धरता जुना खेड घाट घ्या. अवजड गाड्या आता नव्या रस्त्याने जातात, त्यामुळे घाट जवळजवळ आपला एकट्याचा. हलक्या गिअरवर बसल्या बसल्या चढले. माथ्यावर आले तेव्हा लक्षात आलं, तात्या मागे आहेत. असं कधी झालं नव्हतं. "थंडीनं पाय आखडलं," ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात सायकलवर खूश झाले.

मंचरला पोहे आणि चहा, दोघांचे ऐंशी रुपये. नारायणगावात मिसळ. तात्यांनी अर्धी ठेवली. त्यापुढे जुन्नरपर्यंत द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप. साडेदहाला लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचलो.

"तू जा वर. मी सायकली बघतो," तात्या म्हणाले आणि झाडाखाली बसले.

तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, तिकीट लागतं, माकडांपासून केळी लपवा. लोक गणपतीच्या दर्शनाला रांगेत जातात. मी त्यांच्याबरोबर वर गेले आणि शेजारच्या चैत्यगृहात शिरले. आत कुणी नव्हतं. खांबांच्या दोन ओळी आणि शेवटी स्तूप. हात जोडले, त्रिसरण म्हटलं. वडिलांचा विचार करायचा असं ठरवून आले होते, पण आठवले ते त्यांचे कंपनीचे बूट, ग्रीस लागलेले, दाराशी काढून ठेवलेले. बराच वेळ बसले. खाली आले तेव्हा तात्या झोपलेले होते.

परतीला वारा समोरून सुटला. नारायणगाव सोडून दोनेक किलोमीटर गेलो आणि तात्या रस्त्याच्या कडेला थांबले. हात लावून बघितला तर अंग तापलेलं.

"तात्या, ताप आहे तुम्हाला."

"चार दिस झालं, हाय थोडा."

"मग आलात कशाला?"

"तुला कबूल केलं हुतं. एकटी कुठं जाशील." मग चेन उगाच चाचपत म्हणाले, "तू हो म्होरं. तुजं एकशे साठ होऊ दे. मी यीन सावकाश."

पायांत अजून दम होता. मोशीपर्यंत मी आरामात गेले असते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, पिकअप घेऊन निघते, पण दीड तास लागेल, मंचरला थांबा. रस्त्यावर सावली नव्हती. पाण्यात साखर-मीठ घालून त्यांना पाजलं आणि म्हटलं, "माझ्या मागच्या चाकाला चिकटून या. वारा मी घेते."

"मी? तुज्या मागं?"

"हो."

पंधराएक किलोमीटर. मी वेग सोळावर ठेवला. खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा, दर दहा मिनिटांनी "तात्या?" विचारायचं, मागून "हाय, हाय" यायचं. एकदा उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर ते खाली मान घालून पेडल मारत होते. कळंबच्या पुलाजवळ पाच मिनिटं थांबलो, पुन्हा निघालो. मंचरच्या रसवंतीत ते बाकावर आडवे झाले आणि मी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. सूनबाई आली ती थेट त्यांच्यावर बरसली. तात्यांनी डोळेच उघडले नाहीत. दोन्ही सायकली पिकअपमध्ये आडव्या टाकल्या आणि मीही मागे सायकलींपाशी बसले.

तात्यांचा ताप तीन दिवसांनी उतरला. डॉक्टरांनी पंधरा दिवस सायकल बंद सांगितली आहे. ते आठवडाच पाळतील.

माझ्या नोंदीत एकशे अठरा किलोमीटर आहेत. सोमवारी पहिल्या शिफ्टला गेले तेव्हा मान ठीक होती, बोटं ठीक होती, मांड्या तेवढ्या जिना उतरताना बोलत होत्या. क्लबमधले विचारतात, नवी सायकल किती पळते. मला नीट सांगता येत नाही. त्या शेवटच्या टप्प्यात मी वेगाच्या आकड्याकडे बघितलं ते तो वाढू नये म्हणून. बाकी सगळा वेळ मी मागून येणाऱ्या तात्यांच्या चाकाचा आवाज ऐकत होते, तो येतोय ना एवढंच.