गुरुवारचा ड्रमर

आमचे धाकटे दीर माऊली यांना पुण्याच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा होता. नोकरी सोडायची नव्हती, घर सोडायचं नव्हतं, टीव्हीवर दिसायचं नव्हतं. त्या एका बँडमध्ये, ड्रमच्या मागच्या त्या एका गोल स्टुलावर बसायचं होतं, इतकंच. दोन हजार एक साली वडगाव रासाईत हे कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस "बरं" म्हणायचा आणि उसाला तोड आली का ते विचारायचा.

भाऊजी रांजणगावच्या एका कंपनीत प्रेसवर होते. पत्रा आत सरकवायचा, पाय दाबायचा, तयार नग बाहेर काढायचा. पाळीला अठराशे नग. त्या वर्षी कंपनीच्या वार्षिक समारंभाला पुण्याहून बँड आणला होता. मोनिका नावाची मुलगी गिटार वाजवत गात होती, दोघं तिच्या बाजूला आणखी गिटार घेऊन, आणि मागे ड्रमवाला. पहिल्या गाण्याला कँटीनच्या ठेकेदाराला वाटलं स्पीकर बिघडला, तो बंद करायला धावला. दुसऱ्या गाण्याला साहेब लोक सोडून सगळे जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. भाऊजींनी ताट घेतलं नाही. ते ड्रमवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले, ते कार्यक्रम संपेपर्यंत.

घरी आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, एकच माणूस हाय. दोन हात, दोन पाय, चारी वेगळं चालत्यात. आपल्याकडं तेवढ्या कामाला सहा जण लागत्यात."

आपल्याकडं म्हणजे धनगरांच्या गजात. माझे सासरे तात्याबा पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आता नदीकाठी चार एकर ऊस आहे आणि मेंढरांतली फक्त काठी उरली आहे. पण गज खेळायचा म्हटलं की ढोल त्यांच्याच गळ्यात. गोल रिंगणात पन्नास-साठ माणसं नाचतात आणि सगळ्यांचे पाय त्या ढोलावर पडतात. भाऊजी सात वर्षांचे असल्यापासून बापाच्या शेजारी उभे राहून वाजवत आले.

समारंभाच्या त्या दिवशीच त्यांनी मोनिकाला गाठून विचारलं होतं, "मॅडम, हा ड्रमवाला पर्मनंट हाय का कॉन्ट्रॅक्टवर?"

मोनिका म्हणाली, पर्मनंट आहे, पण डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला चाललाय. मग आम्ही नवा माणूस बघणार. भाऊजींनी आमच्या घरचा फोन नंबर लिहून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले.

ड्रमचा सेट बघायला मिळणं अवघड, विकत घेणं तर सोडाच. भाऊजींनी भंगारातून लहान-मोठे पत्र्याचे डबे आणि एक अर्धं कापलेलं बॅरल आणलं. त्यांवर बोकडाचं चामडं ताणून बसवलं. पायानं वाजवायच्या ड्रमला माझ्या मोडक्या शिलाई मशीनचं पायडल जोडलं. झांज म्हणून सासूबाईंची पितळी परात दोरीनं टांगली. परात संध्याकाळी सहाला परत द्यायची, कारण सासूबाईंना भाकरीचं पीठ मळायचं असे. सकाळपाळी असली की भाऊजी चारला येत आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसत. सहानंतर बिनपरातीचं वाजवत.

चामड्याचं एक असतं. नदीकाठची हवा लागली की ते सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून वाजवण्याआधी ढोल शेकायचा. मामंजींनी हे त्यांच्याकडून लहानपणीच घोटून घेतलं होतं. भाऊजी रोज उसाच्या पाचटाचा जाळ करायचे, एकेक डबा त्याच्यासमोर धरून फिरवायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे आणि मगच बसायचे. घाई असली तरी, पाऊस असला तरी. असं दहा महिने चाललं.

घरात यावर तीन मतं होती. मामंजी म्हणायचे, "हात असावा लागतो. तो माझा गेलाय त्याच्याकडं." माझे यजमान हनुमंत म्हणायचे, "हाताला काय पुजायचंय, रोज दोन तास बडवतोय म्हणून येतंय." सासूबाई बयाबाई दोघांनाही म्हणायच्या, "कपाळात असंल तर त्यो फोन यील. न्हाईतर बडवा आन् बसा."

फोन आला. वाजवून दाखवायला बोलावलं होतं, जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी नऊ वाजता, पुण्यात. पत्ता एका फर्निचरच्या दुकानाचा होता. दुकानाखालच्या तळघरात बँडची तालीम चाले. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. तिथं इंग्लिश निघालं तर मी काय करू?" मी दौंडच्या कॉलेजातून बी.ए. केलेलं, तेही मराठी घेऊन. पण घरात माझ्या इंग्रजीवर सगळ्यांचा विश्वास होता, तो मी कधी मोडला नाही.

पहिल्या एसटीनं निघालो, आठलाच पोचलो. दुकानाचे मालक मारुतराव, मोनिकाचे मामा, शटर उघडत होते. त्यांनी आम्हाला तळघरात सोडलं, दिवा लावला आणि म्हणाले, "अकरापर्यंतच हां. रविवारी गिऱ्हाईक असतं, खाली दणदण झाली की लोक सोफ्यावरून उठून जातात. भाचीसाठी म्हणून चालवून घेतो." आणि वर चहा प्यायला गेले.

तळघर गार होतं. कोपऱ्यात ऑस्ट्रेलियाला गेलेल्याचा ड्रमसेट होता, लाल, चकचकीत. भाऊजींनी चपला काढल्या, सेटला हात लावून हात छातीला लावला आणि मधल्या ड्रमवर टिचकी मारली. हा ड्रम मांड्यांच्या मध्ये येतो. सगळा ठेका त्याच्यावर असतो, तो नसेल तर बाकीच्यांनी नुसतं बसून राहायचं.

"बसलाय," भाऊजी म्हणाले.

"थंडी आहे ना," मी म्हणाले.

भिंतीशी लाल तारेचा हीटर होता. भाऊजींनी तो लावला, ड्रम स्टँडवरून उचलला आणि तारेसमोर धरून सावकाश फिरवायला लागले. मीही बघत बसले. दहा महिने रोज बघितलेली गोष्ट, त्यात विचारण्यासारखं काय होतं? आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं की त्या ड्रमला चामडं नसतं, प्लास्टिक असतं.

आधी वास आला. मग ड्रमवरचं ते पांढरं पान तव्यावरच्या पापडासारखं आक्रसलं, त्याला कडेनं फोड आले आणि मध्ये खळगा पडला. भाऊजींनी हीटर बंद केला. ड्रम होता तसा स्टँडवर ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, ह्याला इंग्लिशमधी काय म्हणायचं?"

"सॉरी," मी म्हणाले.

नऊ वाजता मोनिका आली, तिचे दोघे साथीदार आले आणि ड्रम वाजवून दाखवायला आणखी पाच जण आले. एक बँकेतला, एक शाळेत शिकवणारा, तिघं कॉलेजचे. प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःच्या काड्या. भाऊजींच्या काड्या बाभळीच्या होत्या. सगळे त्या ड्रमभोवती गोळा झाले. कुणी काही विचारायच्या आत भाऊजी पुढे झाले.

"मॅडम, मी शेकला. आमच्याकडं शेकत्यात. चूक माझी हाय. दुसरा जो काय लागंल तो मी आणून देतो. आन् मी निघतो."

मोनिकानं ड्रमकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं. बँकवाला म्हणाला, "कुणी सोडलं याला आत?" मोनिका म्हणाली, "माझ्या मामानं." मग भाऊजींना म्हणाली, "शेकल्यावर काय होतं?"

"आवाज उठतो."

"हा नाही उठला."

"न्हाई. ह्यो निजला."

तिच्या साथीदारांपैकी एकाला खोकल्याचा आव आणून तोंड फिरवावं लागलं.

त्या मापाचं पान पुण्यात त्या दिवशी मिळणार नव्हतं, मुंबईहून मागवायला दोन-तीन दिवस. तेवढ्यात मारुतराव खाली आले. त्यांनी वास घेतला, हीटर बघितला, ड्रम बघितला आणि वर बसवलेल्या सागवानी माळ्याकडे बघितलं.

"माझ्या दुकानात लाकूड आहे," ते म्हणाले. "आज जळून कोळसा झाला असता. मोने, तुझा रविवार बंद. इथून पुढं यायचं ते गुरुवारी. गुरुवारी दुकान बंद असतं, मी स्वतः इथं बसेन."

"मामा, गुरुवारी कोण मोकळं असतं?"

"ते मला नको सांगू."

मोनिकानं सगळ्यांना गुरुवारी अकराला यायला सांगितलं. भाऊजींनाही सांगितलं. ते निघालेच होते. जिन्यात थांबून म्हणाले, "मीबी?" ती म्हणाली, "तुमचं वाजवायचं राहिलंय ना?"

परतीच्या एसटीत यवत सरल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, गुरुवारी माझी सुट्टीच असते."

कारखान्यांनी सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिलेल्या असत. भाऊजींच्या कंपनीच्या वाट्याला गुरुवार आला होता. त्या गुरुवारावर ते एरवी चिडायचे, कारण सगळी लग्नं रविवारी.

गुरुवारी आम्ही पोचलो तर मारुतराव तळघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पायाशी पाण्याची बादली. हीटर त्यांनी घरी नेला होता. बँकवाला आला नाही, मास्तर आला नाही, कॉलेजच्या तिघांतला एकच आला.

तो आधी बसला. खोटं कशाला सांगू, तो भाऊजींपेक्षा चांगला होता. काड्या दिसत नव्हत्या, नुसता वारा दिसत होता. मोनिकाचे साथीदार एकमेकांकडे बघून मान डोलवत होते.

मग भाऊजी बसले. त्यांनी नव्या पानावर टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि हात मांडीवर ठेवला. शेकल्याशिवाय वाजवायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मोनिकानं गाणं सुरू केलं. भाऊजींनी साधाच ठेका धरला, गजातला, थोडा आवळून. वर काही नाही, वळणं नाहीत, करामत नाही. दोन मिनिटं झाली, चार झाली. मोनिका मध्येच गाण्याच्या बाहेर गेली, कुठंतरी भरकटून आली, परत आली तर ठेका सोडला तिथंच उभा. बाजूच्या जाड आवाजाच्या गिटारवाल्यानं डोळे मिटले. आठ मिनिटांनी ती थांबली तेव्हा भाऊजी थांबले.

"एवढा वेळ न हलता कसं राहता?" तिनं विचारलं.

"हललो तर साठ माणसं पडत्यात," भाऊजी म्हणाले.

तिघं कोपऱ्यात जाऊन बोलले. मला ऐकू येत होतं. एक म्हणत होता, तो पोरगा फार पुढचा आहे. दुसरा म्हणत होता, यांच्याबरोबर मला माझं वाजवणं ऐकू आलं. मोनिका परत आली आणि तिनं भाऊजींना आणि त्या मुलाला एकच प्रश्न विचारला, "दर गुरुवारी जमेल?"

कॉलेजचा मुलगा म्हणाला, "गुरुवारी प्रॅक्टिकल असतं. आज बुडवून आलोय. रविवारी करूया ना." सगळ्यांनी मारुतरावांकडे बघितलं. मारुतरावांनी बादलीकडे बघितलं.

भाऊजी म्हणाले, "मला गुरुवारच जमतो."

असे भाऊजी बँडमध्ये गेले.

घरी मामंजी म्हणाले, "गजाचाच ठेका ना? मग झालं." आमचे हे म्हणाले, "आठ मिनिटं. दहा महिने बसलाय तवा आठ मिनिटं निघाली." सासूबाई देव्हाऱ्यातल्या बिरोबापुढं नारळ ठेवून आल्या. मी त्या तळघरात दोन्ही वेळा होते, त्यामुळे मला तिघांशीही वाद घालता येईना.

पुढचे चौदा गुरुवार चांगले गेले. एप्रिलच्या शेवटी कंपनीच्या फलकावर नोटीस लागली, की एक मेपासून साप्ताहिक सुट्टी गुरुवारऐवजी सोमवारी राहील.

भाऊजी नोटीस वाचून आले आणि ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. "मोनिकाला फोन लावू का?" म्हटलं. त्या कॉलेजच्या मुलाची प्रॅक्टिकलं एव्हाना संपली असणार, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं.

"नका लावू," ते म्हणाले. पाणी पिऊन कपडे बदलले आणि सायकल काढून सुपरवायझरच्या घरी गेले.

तिथं जाऊन त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. तीनशे माणसांच्या कारखान्यात रात्रपाळी मागायला आलेला हा पहिलाच, म्हणून सुपरवायझरनं आधी घरी काही भांडण आहे का ते विचारलं. बुधवारची रात्रपाळी गुरुवारी सकाळी सातला सुटे. भाऊजी कंपनीच्या गेटवरून नगर रोडच्या एसटीत बसत, अकराला तळघरात असत. चारला तालीम संपली की परत रांजणगाव आणि अकराच्या पाळीला पुन्हा प्रेसवर. असे ते साडेचार वर्षं गेले. बँडची एक कॅसेट निघाली, तीन-चार मोठे कार्यक्रम झाले, पुण्यात नाव झालं. सोयरिकी घेऊन आलेले दोन पाहुणे मात्र रात्रपाळी ऐकून उठून गेले.

एकदा मी विचारलं, "भाऊजी, बुधवार-गुरुवार मिळून झोपता कधी?"

"एसटीत," ते म्हणाले. "शिक्रापूर ते वाघोली. तेवढ्या पट्ट्यात रस्ता बरा हाय."